हाडाजवळचा घास

दि. १५ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. बाबांचा गुडघा थंडीत दुखतो आणि पत्त्यांचा डाव मांडला की थांबतो, हे वाचून बरं वाटलं. म्हणजे काळजीचं कारण नाही. इकडे आम्ही मजेत आहोत असं लिहून मोकळी होणार होते, पण तू माझ्या अक्षरावरूनच सगळं ओळखतेस, म्हणून सरळ लिहिते. मला भीती वाटते आहे, आणि ती एका तंगडीची आहे. हसू नकोस.

हे पुलाच्या कामावर गेलेत, ते थंडी सरल्याशिवाय येत नाहीत. घरात मी आणि मामंजी दोघंच. मामंजींनी खारवलेल्या मांसाचं दुकान विकलं तरी खालचं तळघर ठेवलं, हे तुला माहीत आहे. दर वर्षी हवा गार झाली की ते डुकराची एक अख्खी तंगडी आणतात, तिला मीठ चोळून मुरवतात आणि मग फडक्यात गुंडाळून टांगतात. त्यांच्या वाढदिवसाला तो हॅम शिजतो. खारवायचा त्यांनी आणि शिजवायचा सासूबाईंनी, अशी दोघांची वाटणी होती. शिजवण्याआधी मामंजी हाडाची एक लांब सुई सांध्याजवळ पार आत हाडापर्यंत खुपसतात, बाहेर काढून नाकाखाली धरतात आणि चला म्हणतात. ते चला म्हणाल्याशिवाय सासूबाई भांडं चढवत नसत. बाजारातले बाकीचे खाटीकसुद्धा आपापल्या तंगड्या हुंगायला त्यांनाच बोलवायचे. नाकराव हे नाव त्यावरून पडलं.

या वर्षी सासूबाई नाहीत, तेव्हा शिजवायचं माझ्याकडे आलं. त्याचं काही नाही, तुझी मुलगी आहे, शिजवीन. भीती खारवण्याची आहे. मामंजी हल्ली विसरतात. मागे चष्मा पावाच्या डब्यात सापडला आणि मला दोनदा त्यांनी सासूबाईंच्या नावानं हाक मारली. तंगडी आणली तेव्हा ते खाली जायचे, हात पुसत वर यायचे आणि मला विचारायचे की मीठ लावलं का गं मी. मला काय माहीत? मी म्हणायचे, बघून या. ते परत जायचे, परत वर यायचे, आणि थोड्या वेळानं परत तेच विचारायचे. खाली जाऊन ते मीठ चोळत होते की नुसते उभे राहत होते, देव जाणे. मीठ विरघळून जातं, मागून बघून काही कळत नाही. आता ती तंगडी वरून तर छान दिसते.

फेकून दे म्हणशील. ते कसं करू? वाढदिवसाला वन्सं दोन्ही मुलांना घेऊन येणार आहेत. बाबांच्या हातात आता सुऱ्या देऊ नका, असं त्या मागल्या खेपेला मामंजींच्या देखत म्हणाल्या होत्या. त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. मी तंगडी फेकली तर मीही तेच म्हटल्यासारखं होईल. आणि नाही फेकली, तर ती त्या पोरांच्या पानात जाणार. इकडे आड तिकडे विहीर.

तू एवढी वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रांधलंस. हॅम कसा शिजवायचा ते लिही, आणि चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं तेही लिही. वाढदिवस तीस तारखेला, रविवारी आहे. बाबांना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लवकर धाड.

तुझी,
चिमणी

ता. क. इथे हल्ली साबण फार वाईट मिळतो. धुतलेल्या कपड्यांनाही घाण वास येतो.


दि. १९ नोव्हेंबर

चि. सौ. चिमणीस,
अ. आ.

पत्र वाचलं. मी हसले नाही. तुझे बाबा हसले, त्यांना मी पत्त्यांसकट व्हरांड्यात बसवलं आहे.

आधी शिजवायचं सांगते, म्हणजे तुझा हात जरा कामाला लागेल. तंगडी आदल्या दिवशीच गार पाण्यात बुडवून ठेव आणि मध्ये पाणी बदल. ते पाणी ओतून दे, जपून ठेवायच्या भानगडीत पडू नकोस. तुला उष्टं पाणीसुद्धा झाडाला घालायची सवय आहे, पण या पाण्यानं झाड मरेल. मग नव्या गार पाण्यात तंगडी ठेवून मंद आच लाव. पाणी खदखदता कामा नये, नुसतं थरथरलं पाहिजे. वर फेस येईल तो काढत राहा. फेस थांबला की कांदा, गाजर आणि मिरीचे दाणे टाक. मीठ चिमूटभरही नको. हाडापासून मांस आपोआप सुटू लागलं की झालं. मांस त्याच पाण्यात निवू दे, नाहीतर चामडं खाल्ल्यासारखं लागेल. उरलेल्या पाण्यात दुसऱ्या दिवशी वाटाण्याची डाळ शिजवून सूप कर, हाड त्यातच असू दे. मी तर म्हणते, हॅम हे निमित्त, खरं जेवण ते सूप. मात्र पाणी आधी चाखून बघ, फार खारट असलं तर साधं पाणी घालून वाढव.

पण हे सगळं सुईनंतर. मामंजींची सुई घे आणि मांडीच्या सांध्यापाशी हाडाला लागेपर्यंत घाल. काढल्याबरोबर हुंग, वास लगेच उडतो. अक्रोडासारखा, गोडसर वास आला तर चांगलं. गटारासारखा आला तर बाहेरून ती कितीही देखणी दिसो, खोल खड्डा करून पूर. कुत्र्यालाही घालू नकोस.

आणि चाखून बघते म्हणून जीभ लावू नकोस. कॅन्टीनमध्ये एकदा अशी तंगडी आली होती. मोठ्या आचाऱ्याला हुंग म्हटलं तर त्याला कमीपणा वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक फिटर पेपर वाचता वाचता म्हणाला की ओळ एकाच्या दोन दिसते आहे. आम्हाला वाटलं रात्रीची उतरली नाही. मग त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, मग घोट गिळता येईना. तिघांना इस्पितळात नेलं, दोघे परत आले. तो फिटर नाही आला. विषाची चव येत नाही चिमणे, ते सावकाश कळतं. तुझ्या मामंजींच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ही लक्षणं तोंडपाठ असतात.

घाबरवायला लिहीत नाही. तुझं नाक माझ्यावर गेलं आहे, लहानपणी डबा न उघडता तुला कळायचं की लाडू आहेत. नाकावर भरवसा ठेव. साबण बदल.

तुझी,
आई


दि. २४ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आज सुई खुपसली. तळघरात जाऊन फडकं सोडलं, तू लिहिलंस तशी सांध्यापाशी घातली, काढली आणि हुंगली. असा वास आला की जिना कसा चढले ते मला कळलं नाही. परसात जाऊन पोटातलं सगळं बाहेर पडलं. भिंतीला टेकून उभी राहिले आणि मनाशी म्हटलं, संपलं, खड्डा खणायला घे.

मग आत आले तर दुधालाही तोच वास. पावाला तोच. नुकत्या धुतलेल्या चादरीला तोच. माझ्या स्वतःच्या हातालाही तोच. आई, गेले काही दिवस मला सगळ्याच गोष्टींना घाण वास येतो आहे. म्हणजे माझी साक्ष धरता येत नाही. ज्या नाकावर तू भरवसा ठेवलास तेच ऐन वेळी फितूर झालं.

शेवटी सुई परत खुपसली आणि वर मामंजींकडे आणली. मी तोंड फिरवून उभी होते. त्यांनी ती नाकाखाली धरली, डोळे मिटले. बराच वेळ धरली. इतका वेळ ते कधी लावत नसत. मग सुई पुसून त्यांनी मला दिली आणि चला म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मी दोरीवरचे कपडे काढायला परसात गेले.

परसातच मला जळका वास आला. धावत आले तर दूध पार आटून भांडं काळं झालेलं, स्वयंपाकघर धुरानं भरलेलं, आणि चुलीपासून दोन हातांवर मामंजी पेपर वाचत बसलेले. मी भांडं उतरवलं तेव्हा त्यांनी मान वर केली. भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. डोळा लागला होता म्हणाले. पण पेपर त्यांच्या हातात सरळ होता आणि आधीचं पान उलटलेलं होतं. मी बरं म्हटलं. आम्ही दोघांनी मिळून ते भांडं घासलं. नाकरावांचं नाक गेलं आहे, आई. कधी गेलं कोण जाणे. चला हा शब्द तेवढा राहिला आहे.

शेजारच्या शिंपीणबाईंना सुई हुंगायला दिली. त्यांना महिनाभर सर्दी, त्या म्हणाल्या की मला माझ्या बामाचासुद्धा वास येत नाही. म्हणजे एका भिंतीच्या दोन्ही बाजूंना तीन नाकं आणि त्यांतलं एक चालेल तर शपथ. बाजारात एखाद्या खाटकाकडे नेली असती, पण नाकरावांच्या घरची सुई दुसऱ्याकडे हुंगायला आली, हे संध्याकाळच्या आत सगळ्या बाजाराला कळलं असतं. ते त्यांच्या कानावर गेलं तर हॅम न खाताच मरतील.

गुरुवारी तंगडी पाण्यात घालायची आणि शुक्रवारी शिजवायची असं ठरलं आहे. मला नाही म्हणता आलं नाही. मी हात चालवते आहे आणि पोस्टमनची वाट बघते आहे. तुझं उत्तर त्याआधी आलं तर तू सांगशील ते करीन. लोभ आहेच, जरा धीरही पाठव.

तुझी,
चिमणी


दि. २७ नोव्हेंबर

चि. सौ. चिमणीस,
अ. आ.

पत्र आत्ता हातात पडलं, उभ्या उभ्याच लिहिते आहे. पोस्टाची थैली निघायच्या आत बाबा गुडघा विसरून हे टाकायला धावणार आहेत.

तुझ्या नाकाला काय झालंय ते मला कळलं. साबणाचं लिहिलंस तेव्हाच कळायला हवं होतं, मी गाढव. किती दिवस वर गेले आहेत? मागच्या वेळी तू मला आनंदानं लिहिलंस आणि आठवड्यात सगळं संपलं, म्हणून या वेळी तोंडातून काढत नाहीयेस ना? नको काढूस. मीही कुणाला सांगत नाही, बाबांनाही नाही. पण ऐक, त्या हॅमचा एक कणही तोंडात घालायचा नाही. त्याच्या पाण्याचा चमचासुद्धा नाही.

आणि दुसऱ्यांच्या पानातही जाऊ देऊ नकोस. सगळं माझ्या नावावर खपव. आईला वाईट स्वप्न पडलं, आई हटून बसली, आई अशीच खुळी आहे, काय वाटेल ते सांग. कोंबडी आणून शिजव. मामंजी माझ्यावर चिडले तर चिडू देत, व्याही आहेत, तेवढा त्यांचा हक्क आहे.

तार करणार होते. फॉर्म हातात घेतला आणि काय लिहावं सुचेना. हॅम खाऊ नकोस एवढंच लिहिलं असतं तर तारमास्तरानं मला वेड्यात काढलं असतं, म्हणून पत्र लिहिते आहे. आता वाटतं काढू दिलं असतं.

तुझी,
आई


दि. ३० नोव्हेंबर, संध्याकाळ

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही, आणि आता येऊन उपयोगही नाही. सगळ्यांनी हॅम खाल्ला. वन्संची दोन्ही मुलं माझ्या पलंगावर झोपली आहेत आणि मी शेजारी बसून त्यांच्या पापण्या बघते आहे. झोपलेल्या मुलांच्या पापण्या मिटलेल्याच असतात हे मला कळतं. तरी बघते आहे.

क्रमानं सांगते, नाहीतर माझं डोकं फिरेल. शुक्रवारी मी शिजवला. पाणी नुसतं थरथरत ठेवलं, फेस काढला, तू सांगितलंस तसं सगळं केलं. दिवसभर नाकाला ओला रुमाल बांधून चुलीपाशी उभी होते. संध्याकाळी मांस हाडापासून सुटलं. मामंजींनी भांडं माझ्या हातून घेतलं, कोठीच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मांजर फार सोकावली आहे म्हणाले. आमच्याकडे मांजर नाही, आई. शिंपीणबाईंची आहे, तीही म्हातारी, उंबरा चढताना धापा टाकते.

शनिवारी सकाळी उठून बघते तर मामंजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले. दाढी केलेली, भांग पाडलेला, बूट चकचकीत आणि अंगात तो काळा कोट, सासूबाईंना पोचवायला गेले तेव्हा घातलेला. मला वाटलं रविवार समजून बसले. हळूच म्हटलं की मामंजी, आज शनिवार आहे. माहीत आहे म्हणाले. मग कोट कशाला, असं विचारायचा मला धीर झाला नाही. खायला काही घेतलं नाही, नुसते घोटाघोटानं पाणी पीत होते. पेपर कालचाच होता, त्यातली घर भाड्यानं देण्याची एक बारीक जाहिरात ते थोड्या थोड्या वेळानं मोठ्यानं वाचायचे. तीच जाहिरात. मी भाजी चिरताना ऐकत होते आणि प्रत्येक खेपेला माझी सुरी थांबत होती. मला वाटलं, आता डोकं साफ गेलं, आता वन्संना काय सांगू.

मध्येच म्हणाले की मोठी सुरी माझ्या मुलाला दे, तिला धार लावायची त्याला सवय आहे. मी म्हटलं, दे म्हणजे काय, तुम्हीच द्या. मग म्हणाले की दाराला आज कडी लावू नकोस, कुणाला आत यायचं झालं तर खोळंबा नको. कोण येणार आहे विचारलं तर हसले. दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले तर मला उठवलं, शिंपीणबाईंकडे जाऊन बस म्हणाले, इथे गार वारा येतो. मी गेले नाही. दारापाशी शिवण घेऊन बसले आणि टाके उसवत राहिले.

आज सकाळी मात्र कोट खुंटीला टांगलेला आणि मामंजी त्यांच्या जुन्या, कोपरावर विरलेल्या स्वेटरमध्ये. चार अंडी आणि अर्धा पाव खाल्ला, वर आणखी मागितलं. वन्संनी आल्या आल्या त्यांना रागे भरलं की वाढदिवसाच्या दिवशी हा काय अवतार. मामंजींनी खिशातून किल्ली काढून मला दिली आणि चला म्हणाले. मी भांडं उघडलं तर हाडालगतचा एक तुकडा कापून घेतलेला होता. कुलपातल्या भांड्यात मांजर कशी शिरेल? विसरभोळेपणात आपणच कधीतरी खाल्ला असेल त्यांनी.

मी भांडं घेऊन दारात उभी राहिले. सांगणार होते की हे कुणी खाऊ नका. खरंच सांगणार होते. तोंड उघडलं आणि मामंजी उठून आले, त्यांनी भांडं माझ्या हातातून घेतलं, मोठी सुरी घेतली आणि वन्संच्या देखत इतक्या पातळ, एकसारख्या चकत्या कापल्या की वन्सं बघतच राहिल्या. पहिलं पान त्यांनी धाकट्या नातीला वाढलं. मी आतल्या आत मेले. हॅम खारट झाला होता एवढंच. बाबा, मिठागर विकत घेतलंत का म्हणून वन्संनी चिडवलं, मुलं घटाघटा पाणी प्यायली, पण ताटात काही उरलं नाही. मी खाल्लं नाही, पोट बरं नाही म्हटलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं. त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

पाणी भांड्यात तसंच आहे, हाडासकट. टाकवत नाही आणि वापरायचा धीर होत नाही. मामंजी स्वस्थ झोपले आहेत. एवढी माणसं घरात आहेत आणि मला कुणाशी बोलता येत नाही. तू इथे असायला हवी होतीस.

तुझी,
चिमणी


दि. ३ डिसेंबर

चि. सौ. चिमणीस,
अ. आ.

आज तुझं पत्र येईपर्यंत पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी दाराशी आणि तुझे बाबा माझ्या मागे, अशी आमची वरात चालली होती. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून मी खालीच बसले. पाकीट फोडायला बाबांना दिलं. आज तारीख तीन. काही व्हायचं असतं तर तेव्हाच झालं असतं, मुलांच्या पापण्या बघणं आता सोड.

मी पत्र एकदा वाचलं आणि पुन्हा वाचलं. चिमणे, तुला खरंच कळलं नाही? की भीतीनं डोळ्यांवर झापड आली? त्यांना शनिवार हा रविवार वाटला नव्हता. त्यांना वार पक्का ठाऊक होता. तूच लिहिलं आहेस, भांडं कुलपात, हाडाजवळचा तुकडा कापलेला, जेवण नाही, पाण्याचे घोट आणि तीच बारीक जाहिरात पुन्हा पुन्हा. माझं कॅन्टीनचं पत्र काढून परत वाच. त्या फिटरला आधी काय झालं होतं?

आपलं नाक गेलेलं त्यांना ठाऊक होतं. मीठ लावलं की नाही हे आठवत नव्हतं, तेही ठाऊक होतं. आणि तू सुई धरून तोंड फिरवलंस तेव्हा तुझ्याही नाकाचं त्यांनी ओळखलं असणार, त्यांनी संसार केला आहे. मग कुणी सांगायचं हॅम कसा आहे ते? त्यांनी शुक्रवारी हाडाजवळचा, सगळ्यांत वाईट असू शकेल असा घास घेतला, कुलूप लावलं आणि बसून राहिले. दाराला कडी नको होती, कारण माणसं आत यायला हवी होती. कोट एवढ्यासाठी, की नंतर दुसऱ्या कुणाला घालावा लागू नये.

मी आजवर तुझ्या मामंजींना पाठीमागे खडूस म्हणत आले. बाबांना तसं सांगितलं तर ते म्हणाले की खडूस तर ते आहेतच. मग चष्मा पुसायला उठून गेले आणि बराच वेळ पुसत बसले.

आता त्या पाण्याचं सूप कर. पाणी गारठ्यात असेल तर टिकलं असेल, पण चांगलं खदखदून उकळ, मगच वापर. आणि तुझे दिवस वर गेलेत ते त्यांना सांग. माझ्या आधी त्यांना सांगायला हवं होतंस, असं मी आई असून म्हणते.

तुझी,
आई


दि. ७ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पोचली, सत्तावीसचं उशिरा आणि तीनचं काल. सत्तावीसचं वाचून रडले. तीनचं वाचून मला रडताही आलं नाही. त्या दिवशी मी दारापाशी शिवण घेऊन बसले होते. ते माझ्या समोर मरणाची वाट बघत बसले होते आणि मी मनात म्हणत होते की बिचाऱ्यांचं डोकं गेलं. मला पुन्हा पुन्हा ती जाहिरात ऐकू येते आहे. हवेशीर दोन खोल्या, शांत माणसांना प्राधान्य.

वन्सं आणि मुलं सोमवारीच धडधाकट घरी गेली. पाणी मी तेव्हाच गाळून मागच्या ओट्यावर ठेवलं होतं, बाहेर त्याचा बर्फ झाला होता. काल ते उकळलं. एवढं खारट की अर्ध्याला अर्धं साधं पाणी घातलं, वाटाण्याची डाळ घातली, दोन बटाटे टाकले, तेव्हा कुठे तोंडात धरण्याजोगं झालं. मामंजींना मी एवढंच म्हटलं की मीठ फार मुरलं आहे या खेपेला. ते म्हणाले की विसरायचो ना, म्हणून दर वेळी खाली गेलो की नव्यानं चोळायचो, न लावण्यापेक्षा दहादा लावलेलं बरं. मग जरा वेळानं म्हणाले की तरी खात्री नव्हती.

सूप दोघांच्या वाडग्यांत वाढलं. मी काही सांगायच्या आत त्यांनी हात लांब करून माझा वाडगा आपल्याकडे ओढला, त्यातला एक चमचा घेतला, गिळला, आणि वाडगा समोर ठेवून बसून राहिले. तोच पेपर शेजारी पडला होता, त्यावर त्यांची नजर गेली. तेव्हा मी उठले, पेपर घडी करून चुलीत घातला आणि त्यांच्या हातातून चमचा काढून घेतला. म्हटलं, मामंजी, आता पुरे. आणि मग सांगितलं. तिसरा महिना लागला आहे, आई, हे तुलाही आत्ताच सांगते आहे.

ते म्हणाले की त्यांना सुईच्या दिवशीच कळलं होतं. सासूबाईंना दोन्ही वेळा असंच झालं होतं, दोन्ही वेळा मामंजींना तीन तीन महिने दुकानात झोपावं लागलं, अंगाला मांसाचा वास येतो म्हणून. घरात दोन नाकं आणि दोन्ही एकदम निकामी, तेव्हा म्हाताऱ्यानं आधी खाऊन बघायला नको का, असं म्हणाले आणि आपल्या वाडग्यात पाव बुडवू लागले. मी रडत रडत सूप प्यायले. महिन्याभरात पहिल्यांदा मला एका गोष्टीचा वास वासासारखा आला. गोडसर होता, तू म्हणाली होतीस तसा. मी ते मामंजींना सांगितलं. त्यांनी पाव वाडग्यातच धरून ठेवला आणि मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

वन्संना मी काही कळवलं नाही. पुढच्या वर्षी मीठ चोळताना मी बरोबर खाली जाणार आहे, मग मूल कडेवर असो नाहीतर पोटात. भीती गेली असं लिहिणार नाही. मागच्या वेळचं मला रोज आठवतं आणि सकाळी उठल्याबरोबर मी आधी पोटावर हात ठेवते. पण आता घरात त्या भीतीला दोन माणसं आहेत.

काळा कोट मी आज उन्हात झटकला आणि माळ्यावरच्या पेटीत सर्वांत खाली ठेवला, किल्ली माझ्याकडे. मामंजींना बजावलं आहे की हवा असेल तर माझ्याकडे मागायचा, आणि कशासाठी हवा आहे ते आधी सांगायचं. बाळाला बघायला माणसं येतील तेव्हा आपण होऊन काढून देईन, तोपर्यंत तो विरलेला स्वेटरच. ते बरं म्हणाले.

बाबांना नमस्कार सांग, आणि आता बाकीचंही सांगून टाक. तुझा लोभ आजवर एकटीला पुरायचा. यापुढे जरा वाढवून पाठव, सूप वाढवतात तसा, म्हणजे आम्हा तिघांना पुरेल.

तुझी,
चिमणी